गळक्या नळाचं घर

"मावशी, तुम्ही राहता कुठे?" असं त्या मुलीनं विचारलं आणि कुमुदिनीनं क्षणाचाही विचार न करता सांगून टाकलं. इथेच चेन्नईत, आवडीला, म्हणाली. स्टेशनपासून चालत बारा मिनिटं. दोन खोल्या, स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेला, दारात कढीलिंबाचं झाड. शेजारच्या बाई फार चांगल्या, इडलीचं पीठ वाटलं की वाटीभर आणून देतात. एवढ्यावर तरी थांबावं की नाही, तर बाथरूमचा नळ गळतो आणि प्लंबर नुसता येतो येतो म्हणतो, हेही सांगून झालं. मुलगी मन लावून ऐकत होती. हातातल्या कागदावर भराभर लिहून तिनं खाली सही केली, "थँक्यू हं मावशी, किती दिवसांनी मराठी बोलले," म्हणाली आणि गिंडी स्टेशनच्या पुलाच्या पायऱ्या चढून गेली. शनिवारचे अकरा वाजले होते. कुमुदिनी पायऱ्यांच्या तोंडाशी आपल्या ठरलेल्या जागी उभी होती, अंगात निळं जाकीट, गळ्यात सत्तावीस नंबरचा बिल्ला, डाव्या हातावर 'तिण्णै' या पाक्षिकाच्या नव्या अंकाचा गठ्ठा. दोन अंक गेले, एकानं नुसतंच मुखपृष्ठ पाहून परत दिलं. मग कुठे तिच्या लक्षात आलं आपण काय बोलून बसलो ते. आवडीला तिचं घर नव्हतं. तीन वर्षं कुठेच नव्हतं. आणि गेले पाच आठवडे जे होतं ते सैदापेटला होतं, घरमालक बालाजीरावांच्या माडीवर, एक खोली, आणि त्या खोलीचं काय करायचं ते आज चार वाजता त्या कागदावरून ठरणार होतं.

तिनं मान वळवून पुलाकडे पाहिलं. मुलगी दिसेना. धावावं म्हटलं तर विक्रीच्या वेळात जागा सोडायची नाही हा नियम, आणि धावून तरी सांगायचं काय? अगं, मी आत्ता जे सांगितलं ना, ते सगळं खोटं? कशाला बोललात मग, असं तिनं विचारलं तर? कुमुदिनीला स्वतःलाच ते कळत नव्हतं. गेले पाच आठवडे ती नवा पत्ता घोकत होती. रोज सकाळी गठ्ठा घ्यायला ऑफिसात जाताना मनातल्या मनात म्हणायची, सैदापेट, पिळ्ळैयार कोविल तेरू, नंबर बारा, माडी. तमिळमध्ये म्हणायची. तमिळमध्ये कुणीही विचारलं असतं तर तिनं झोपेतसुद्धा बरोबर सांगितलं असतं. पण मुलीनं आधी बिल्ल्यावरचं नाव वाचलं, कुमुदिनी सबनीस, आणि "अय्या, तुम्ही मराठी?" म्हणून चेहरा असा काही फुलवला, की पुढचा प्रश्न मराठीतच आला. आणि मराठीत हा प्रश्न तिला तीन वर्षं एकाच माणसानं विचारला होता. दर रविवारी, पुण्याहून, फोनवर.

मंदार. तिच्या भावाचा, अशोकचा मुलगा. अशोक आवडीच्या संरक्षण कारखान्यात होता. त्याची बायको लवकर गेली तेव्हा कुमुदिनी मुलाला सांभाळायला म्हणून सांगलीहून आली, तीस वर्षांपूर्वी, आणि क्वार्टरमध्येच राहिली. मुलगा शाळेत जायला लागल्यावर तिनं गिंडीच्या औद्योगिक वसाहतीत एका छोट्या युनिटमध्ये टायपिंग धरलं. तिचं लग्न करायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. तिच्याही आलं नाही, असं ती म्हणायची. मग युनिट बंद पडलं, आणि वर्षभरात अशोक गेला, निवृत्तीला सहा महिने असताना. क्वार्टर सरकारी, बहिणीचा त्यावर काय हक्क? मंदार येऊन आठवडाभर राहिला, कपाटं विकली, भांडी वाटली, कागदपत्रं नेली. शेवटच्या दिवशी रिक्षा दारात उभी होती, मीटर पडत होता, आणि एक पाय रिक्षात ठेवून तो म्हणाला, "आत्या, तू चल की माझ्याकडे." ती लगेच म्हणाली, "छे रे, मी जागा बघितलीय." खरं तर बघायची होती. आपण दोन-चार दिवसांत बघू, असं तिला अगदी मनापासून वाटत होतं. त्याच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसली तीही तिनं पाहिली. तिला राग आला नाही. पण तो चेहरा तिला पुढे कितीतरी वेळा आठवला, आणि दर वेळी आठवला की ती स्वतःशीच म्हणायची, बरं झालं आपण गेलो नाही. बाई एकटी, छप्पन्न वर्षांची, नवरा नाही, मुलं नाहीत, नोकरी नाही. घरमालक दारातूनच विचारायचे, फॅमिली कुठे? बायकांच्या वसतिगृहात सात महिने निघाले, मग तेही बंद झालं. त्यानंतरचं तिनं फारसं कुणाला सांगितलं नव्हतं. 'तिण्णै'च्या फॉर्मवर मात्र लिहावं लागलं होतं, कारण ते चालवणाऱ्या कनगा मॅडम समोर बसून एकेक रकाना भरून घेतात. बेघर हा शब्द तमिळमध्ये लिहिला आणि खाली सही केली. परभाषेत कुणा दुसऱ्याच बाईबद्दल लिहिल्यासारखं वाटलं होतं.

पण रविवार टळत नव्हता. "कशी आहेस आत्या? घर कसं आहे?" मंदार मुलगा वाईट नव्हता, नेमानं फोन करायचा, आणि प्रश्न आला की उत्तर द्यावंच लागायचं. पहिल्या रविवारी तिनं दोन खोल्या सांगितल्या. दुसऱ्या रविवारी खिडकी. वसतिगृह बंद पडल्यावर ती सरकारी रुग्णालयाच्या बाहेर, पेशंटच्या नातेवाइकांसाठी असलेल्या पडवीत राहत होती, कुणी हटकलं की भाऊ आत आहे म्हणायची. फोन आला की गेटबाहेर जाऊन बोलायची, म्हणजे रुग्णवाहिकेचा आवाज यायला नको. हळूहळू घराला सगळंच आलं, कढीलिंब आला, शेजारीण आली, आणि एकदा बोलायला काहीच उरलं नाही तेव्हा नळ गळायला लागला. मंदारनं लगेच उत्साहानं सांगितलं, वॉशर बदल, पाच मिनिटांचं काम आहे. पुढच्या रविवारी विचारलं, बदललास का? ती म्हणाली, प्लंबर येतो म्हणालाय. त्या नळानं तिला पुढे फार छळलं. बीच स्टेशनहून तांबरमला जाणाऱ्या लोकल गाडीत, बायकांच्या डब्यात खिडकीला टेकून बसली असताना तिला मध्येच वाटायचं, पाणी वाया जातंय. चांगलं डोंगराएवढं दुःख पायाशी पडलेलं असताना ही बाई नसलेल्या घराच्या नसलेल्या नळाची काळजी करत बसायची! तिचं तिलाच हसू यायचं, आणि हसता हसता ती इतकी घाबरायची की पुढच्या स्टेशनावर उतरून नुसती चालत सुटायची.

बारा वाजले. ऊन पायऱ्यांवर आलं. तिनं अंक पुढे धरले, वणक्कम म्हटलं, कुणाच्या तोंडासमोर कागद नाचवायचा नाही, दोनदा विचारायचं नाही, हे सगळं अंगवळणी पडल्यासारखं आपोआप होत होतं. 'तिण्णै' म्हणजे जुन्या घरांच्या दाराबाहेरचा ओटा, वाटसरूला टेकायला बांधलेला. ओटे गेले म्हणून कनगा मॅडमनी पंधरा दिवसांनी निघणारं हे पाक्षिक काढलं, आणि विकायला फक्त ज्यांना छप्पर नाही अशीच माणसं घेतली. वर्षभर नेमानं विकलं की संस्था खोली मिळवून द्यायला मदत करते. मागच्या वर्षी एकानं अशी मिळालेली खोली भाचरांना देऊन टाकली आणि आपण गावात दुसरीकडे राहिला. तेव्हापासून नियम आला. खोली मिळाल्यावर दीड महिन्याच्या आत कुणीतरी बाहेरचा माणूस, कागदावर पत्ता दिलेला नसताना, विक्रेत्याला सहज भेटून विचारणार. उत्तर जुळलं तर खोली कायम. नाही जुळलं तर यादीतल्या पुढच्याला. कुमुदिनीनंतर यादीत एस्प्लनेडच्या फुटपाथवरची एक बाई होती, मुलगी घेऊन राहणारी. म्हणजे आपण खोटं बोलल्यानं कुणाचं तरी भलंच होणार की, असा एक विचार तिच्या मनात आला, आणि त्या विचारानं तिला स्वतःची शिसारी आली, कारण तो चांगुलपणा नव्हता. ती खोली तिला हवी होती. तिला ती इतकी हवी होती की आत शिरताना रोज तिचे दात एकमेकांवर बसायचे.

एकदा फोन काढला. कनगा मॅडमचा नंबर लावला, दुसऱ्या घंटेला कापला. तोंडातून चुकून गेलं असं म्हणावं तर तो भाचरांवालाही हेच म्हणाला होता. खरं सांगावं तर बाई वेडी आहे म्हणतील, आणि वेड्या बाईला माडीवर एकटी कोण ठेवील? तिसरा मार्ग अगदी सोपा होता, आणि तो तिला दीडच्या सुमाराला, गठ्ठा पिशवीत भरताना सुचला. आपण सैदापेट म्हणालो, त्या पोरीनंच काहीतरी भलतं लिहिलं, असं सरळ म्हणायचं. नवी पोर, तिनंच सकाळी सांगितलं तशी पुण्याची, ओरगडमच्या गाड्यांच्या कारखान्यात नोकरी करते, शनिवारची हौस म्हणून येते. तिचं काय जातंय? तिला दोन शब्द ऐकावे लागतील. आपली खोली राहील. सैदापेटपर्यंत चालत जाताना कुमुदिनीनं ते वाक्य तमिळमध्ये तीन-चार प्रकारे जुळवून पाहिलं. प्रत्येक वेळी ते चांगलं जमत होतं. खोटं बोलण्यात आपला हात इतका कसा बसला, या भीतीनं तिला रस्त्यात घाम फुटला.

'तिण्णै'चं सैदापेटचं ऑफिस म्हणजे एका छापखान्यामागची लांबट खोली. चारला वीस-बावीस जण जमले होते, खाली सतरंजीवर बसलेले. ती भिंतीकडेला बसली. शेजारी अनंतकृष्ण येऊन बसला, पूर्वीचा हॉटेलातला आचारी, एका पायानं अधू, सैदापेटच्या बस स्टँडवर अंक विकणारा, विक्रेत्यांनी आपला प्रतिनिधी म्हणून निवडलेला माणूस. "काय अक्का, चेहरा का असा?" त्यानं तमिळमध्ये विचारलं. "ऊन," ती म्हणाली. सकाळची ती मुलगी, प्राची, उठून एकेक कागद वाचायला लागली. तेरा नंबर, जुळलं. एकोणीस, जुळलं. वाचताना ती मध्येच कुमुदिनीकडे बघून ओळखीचं हसली, आणि ते हसणं पाहून कुमुदिनीला रडू आलं. "सत्तावीस. आवडी. दोन खोल्या." पुढचं वाचता वाचता प्राचीच्याच लक्षात आलं की खोलीत काहीतरी बदललंय. कनगा मॅडमनी चष्मा काढला. "अक्का?" त्या एवढंच म्हणाल्या. सगळे वळून बघायला लागले. जुळवलेलं वाक्य जिभेवर तयार होतं. प्राची कागद उलटसुलट करत होती, आपल्याकडूनच काही चुकलं की काय म्हणून. कुमुदिनी म्हणाली, "तिनं बरोबर लिहिलंय. मीच तसं सांगितलं. पण मी सैदापेटलाच राहते." हे कुणालाच कळलं नाही. मागून कुणीतरी म्हणालं, भाचरांची गोष्ट पुन्हा सुरू झाली. कनगा मॅडम उठल्या. "चला," म्हणाल्या, "खोली बघू. आत्ताच."

त्या, प्राची आणि अनंतकृष्ण, असे तिघे तिच्याबरोबर निघाले. अनंतकृष्णच्या पायामुळे सगळ्यांना हळू चालावं लागत होतं आणि त्या हळू चालण्यानं तिचा जीव गोळा होत होता. तरी मनात एक धीर होता, की खोली आहे, किल्ली कमरेला आहे, कुलूप उघडलं की सगळं आपोआप सिद्ध होईल. बालाजीराव ओसरीतच बसले होते, पंचाहत्तरी ओलांडलेले, तंजावरकडचे, चार पिढ्या इथे गेलेल्या. त्यांची मराठी तिला पहिल्या दिवशी जुन्या दस्तऐवजातून कुणी बोलावं तशी वाटली होती. "बाई, इतके लोक कां आलेत? कांहीं झालें कीं?" त्यांनी विचारलं. "खोली बघायला आलेत," ती म्हणाली. "पहांत, पहांत. सावकाश चढा, पायरी मोडकी आहे." त्या मोडक्या पायरीवर पाय पडला आणि तिला एकाएकी खोली डोळ्यांपुढे दिसली. जशी होती तशी.

दार उघडलं. आत काहीच नव्हतं. स्टोव्ह नव्हता, भांडं नव्हतं, दोरीवर कपडा नव्हता, कारण दोरीच नव्हती. फरशी लख्ख पुसलेली. देवाचं चित्र नाही, आरसा नाही, कोनाड्यात काडेपेटीसुद्धा नाही. फक्त दाराच्या आतल्या बाजूला, उचलून पाऊल बाहेर टाकता येईल अशी, चेन लावलेली तिची कापडी बॅग, वर घट्ट गुंडाळलेली चटई सुतळीनं बांधलेली. तिचं सगळं त्या बॅगेत होतं. पेला, साबण, दोन पातळं, टूथब्रश, अशोकचा फोटो. रोज पहाटे उठली की ती सगळं भरून ठेवायची, मग जाकीट घालायची. वसतिगृहात कुणी शिकवलं नव्हतं, रुग्णालयाच्या पडवीनं शिकवलं होतं. झाडूवाला यायच्या आत आपली खूण राहता कामा नये, नाहीतर उद्या तिथे बसू देत नाहीत. पाच आठवडे तिनं या खोलीला जरासुद्धा तोशीस लागू दिली नव्हती, आणि आता तीच खोली उलटून तिच्याविरुद्ध साक्ष देत होती. प्राचीनं पेन उघडलं, पण लिहिलं काही नाही. कनगा मॅडम खिडकीपर्यंत जाऊन परत आल्या. "अक्का, इथे माणूस राहतं असं मी कसं म्हणू? तूच सांग." त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून जास्तच भीती वाटली.

आणि लगेच उत्तर आलं. उद्या भाच्याकडे पुण्याला जायचंय, म्हणून आवरून ठेवलंय. किती साधं! बॅगही त्यात बसत होती, मोकळा कोनाडाही बसत होता. ती तोंड उघडणार, तेवढ्यात प्राचीनं हलकेच विचारलं, मराठीतच, "मावशी, मग ते आवडीचं घर कुणाचंय?" "कुणाचंच नाही," कुमुदिनी म्हणाली. "ते नाहीच आहे. मला घर नव्हतं गं. तीन वर्षं. मी गाडीत बसून असायची, नाहीतर इस्पितळात. भाच्याला वाईट वाटू नये म्हणून... नाही, वाईट वाटू नये म्हणून नाही. मला लाज वाटली म्हणून मी त्याला ते घर सांगितलं. मराठीत कुणी विचारलं की तेच तोंडात येतं." तिनं हे मराठीत पहिल्यांदाच म्हटलं होतं. ती भिंतीला टेकून खाली बसली आणि मोठ्यानं रडायला लागली, अशोक गेला तेव्हा रडली नव्हती तेवढं. प्राची तिच्याजवळ टेकली, तिला काय करावं सुचेना, मग तिनं तिचा हात नुसता धरून ठेवला आणि मॅडमना सगळं तमिळ-इंग्रजीत मोडकंतोडकं सांगितलं.

अनंतकृष्ण इतका वेळ दारातच उभा होता, काठीवर भार देऊन, आणि बॅगेकडे बघत होता. "मॅडम," तो म्हणाला, "त्या भाचरांवाल्याची खोली मी पाहिली होती. दोरीवर शर्ट, स्टोव्हवर कढई, भिंतीला कॅलेंडर. जो राहत नाही तो मांडून ठेवतो. मला खोली मिळाली तेव्हा मी अकरा महिने चपला उशाला घेऊन झोपत होतो. ही बाई इथेच राहते. अशी बॅग फक्त राहणारा भरतो." खालून बालाजीराव एकेक पायरी धापा टाकत वर येऊन पोहोचले होते, त्यांना निम्मंच ऐकू गेलं होतं. "कोण म्हणतें राहत नाहीं?" ते तापून म्हणाले. "पहांटे चारला उठती आणि माझ्या सगळ्या पायऱ्या पुसती. नको म्हणून दहादां सांगिटलों. ऐकती कुठें!" मग त्यांनी खोलीत नजर फिरवली. पाच आठवड्यांत ते वर आले नव्हते. त्यांचा चेहरा पडला. "हें काय बाई," ते म्हणाले, "धर्मशाळा आहे कीं काय ही?" आणि आले तसे खाली गेले.

कनगा मॅडमनी कागद मागून घेतला, आवडीवर काट मारली, सैदापेट लिहिलं, सही केली. "खोली तुझी," म्हणाल्या. "पण रविवारच्या फोनचं तुझं तू बघ, त्याला माझ्याकडे फॉर्म नाही." अनंतकृष्ण हसला. प्राचीनं जाताना तिला आपला नंबर लिहून दिला. ती सगळी उतरून गेल्यावर कुमुदिनी बराच वेळ तशीच बसली. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, तसं वाटत नव्हतं. उद्या कुणी निर्णय बदलेल, परवा कुणी काही म्हणेल, असं आत कुठेतरी चालूच होतं. उद्या रविवार होता. मंदारला सांगायला हवं, सांगितलं की तो दुखावेल, आणि कदाचित त्याच्या आवाजात पुन्हा ती सुटका ऐकू येईल, हे सगळं तिला आत्तापासूनच ऐकू येत होतं.

जिन्यात खडखड झालं. बालाजीराव पुन्हा चढून आले होते, एका हातात हातोडी, दुसऱ्या हातात खिळ्यांचा डबा. दोन्ही तिच्यापुढे ठेवून ते म्हणाले, "मारा." तिला वाटलं ऐकण्यात चूक झाली. चेन्नईतला घरमालक आणि आपणहून खिळे आणून देतो? "भिंत खराब होईल," ती म्हणाली. "होऊं दे. माझी भिंत आहे. मारा म्हणतों." आणि कुरकुरत ते खाली गेले. कुमुदिनीनं एक खिळा उचलला. इतकी वर्षं क्वार्टरच्या भिंतीला अशोकनं खिळा मारू दिला नव्हता, सोडताना पैसे कापून घेतील म्हणून. तिनं तो भिंतीवर धरला, हातोडी उगारली, आणि हात वरच थांबला. एकदा भोक पडलं की ते राहणार, आपण इथे होतो हे कुणालाही दिसणार. मग तिनं मारला. पोपडा उडाला, खिळा वाकला, अंगठ्याला लागलं. दुसरा धरला. तिनं डोळे मिटून तीनदा ठोकला आणि डोळे उघडून ओढून पाहिला. हलेना. अंगातलं जाकीट काढून तिनं त्यावर अडकवलं आणि दोन पावलं मागे सरून बघितलं. खालून बालाजीरावांचा आवाज आला, "एकच कां? आणखी मारा!" तिनं बॅगेची चेन उघडली, आणि डब्यातून पुढचा खिळा घेतला.